सोपारा स्तूप, बाग आणि म्युझियम: प्रकल्प नोंदी

१४ मे २०२५

आजपासून फाईल उघडली. काम काय आहे ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे टीममध्ये नवीन कोणी आलं की परत पहिल्यापासून सांगायला नको. नालासोपारा पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणून जी जागा आहे, म्हणजे सोपाऱ्याचा स्तूप, तो आणि त्याच्या आजूबाजूचा भाग मिळून लोकांना बसता-फिरता येईल अशी बाग, आणि सोपाऱ्याचा इतिहास सांगणारं छोटं म्युझियम, याचा आराखडा करायचा. फक्त आराखडा. जागा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे, तिथली एक वीट आम्ही हलवू शकत नाही आणि हलवायचीही नाहीये. नकाशे, अंदाजपत्रक, लोकांचं म्हणणं असं सगळं नीट बांधून ज्यांच्या हातात परवानग्या आहेत त्यांच्यापुढे ठेवायचं.

परवा बुद्ध पौर्णिमा झाली. आज सकाळी बघितलं तर विटांवर मेणाचे ओघळ, काही ठिकाणी काजळी, आणि अगरबत्तीच्या काड्या विटांच्या सांध्यात खोचलेल्या. लोक श्रद्धेने येतात, दुसरीकडे दिवा लावायला जागाच नाही तर काय करणार, विटेवरच लावणार. मेण विटेत मुरलं की त्या जागी वीट श्वास घेत नाही, आतली ओल बाजूने वाट शोधते आणि तिथला पापुद्रा सुटतो. भंतेजींशी बोलले. त्यांनी लगेच मान्य केलं, फक्त एवढंच म्हणाले की ताई, नुसतं 'इथे दिवे लावू नका' असं लिहू नका, कुठे लावायचे ते लिहा. आराखड्यातली पहिली वस्तू ठरली मग: स्तुपापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला, दिव्यांसाठी एक लांबट दगडी कट्टा, खाली वाळूचं ताट.

२७ मे

काल पाऊस आला. मुंबईत २६ मे ला मान्सून म्हणजे फारच लवकर, आम्ही लेव्हल घ्यायचं, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे ते मोजायचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आरामात संपवू असं धरून चाललो होतो. सर्वेवाल्या दादांनी आज छत्री धरून लेव्हल घेतल्या. एका अर्थी बरंच झालं कारण पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते डोळ्यांसमोर दिसलं, कागदावर कॉन्टूर काढून जे दोन आठवड्यांनी कळलं असतं ते तासाभरात कळलं.

सगळ्या भागाची अडचण एकच आहे. नवीन बिल्डिंग आली की भराव, रस्ता परत केला की अजून थर, आणि जुनी जमीन होती तिथेच राहते, म्हणजे ती हळूहळू खोलगट होते. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हे सांगायला नको. २०१८ च्या जुलैत रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या तेव्हा इथल्या माणसांनी घरात दिवसेंदिवस पाणी बघितलंय. जुन्या जागेला त्रास असा की पाणी वरून पडतं त्यापेक्षा खालून चढतं ते वाईट, विटेतून वर जातं, उन्हाळ्यात सुकतं आणि मीठ मागे ठेवतं.

म्हणून माझं मत पहिल्याच महिन्यात पक्कं झालंय आणि टीमला तसं सांगितलं: आधी पाणी, मग सावली, मग पाट्या, आणि म्युझियम सगळ्यात शेवटी. लोकांना उलटं हवं असतं. बिल्डिंगचं चित्र दाखवलं की सगळे खूश होतात, गटाराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवला की कोणी बघत नाही. पण गटार नीट झालं तरच बाकीचं टिकेल.

९ जून

कायद्याची बाजू. हे सविस्तर लिहिते कारण मीटिंगमध्ये दरवेळी इथेच गाडी अडते.

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार संरक्षित जागेच्या हद्दीपासून १०० मीटर पूर्ण मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. हे अंतर स्तुपाच्या मध्यापासून मोजायचं नाही, संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजायचं, त्यामुळे वर्तुळ लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं होतं. १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, म्हणजे म्युझियमही नाही. जुन्या घराची दुरुस्ती करता येते पण परवानगी घेऊन.

आता महत्त्वाचं. याच कायद्यात 'बांधकाम' कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, तिच्यातून गटारं, सांडपाण्याची कामं, सार्वजनिक शौचालयं, लोकांसाठी पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा ही कामं वगळलेली आहेत. म्हणजे ज्या गोष्टी आम्हाला आधी करायच्या आहेत त्यांना कायदा आडवा येत नाही, अर्थात विचारून आणि देखरेखीखालीच करायच्या. दरवेळी कोणीतरी म्हणतं 'तिथे काहीच करता येत नाही', ते खरं नाही. बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट करता येतं, पिण्याचं पाणी देता येतं, पाणी तुंबणार नाही अशी गटारं करता येतात. जागा जपायची आणि माणसाची सोय करायची यात भांडण नाहीये.

रहिवाशांची भीती मात्र खरी आहे. एक काका आराखडा बघायला आले ते आधी विचारतात, माझं घर जाणार का. नाही काका, कोणाचंही घर धरलेलं नाही. नकाशावर घरांच्या ओळी फिकट रंगात होत्या, त्यामुळे ती रिकामी जागा वाटत होती, त्या ठळक करायला सांगितल्या.

२३ जून

बावखलं.

आज दिवसभर वाडीत होते, गासच्या बाजूला. वाडीवाले अंकल, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आम्हाला त्यांचं बावखल दाखवायला घेऊन गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वसई पट्ट्यात प्रत्येक वाडीत जमिनीत खोदलेलं तळं असायचं, पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि जमिनीत मुरायचं, त्यावर रहाट, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा, भाजी. खाली जमिनीत समुद्राचं खारं पाणी आहे, गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्या वर तरंगतं. बावखल भरलेलं असेल तर गोड्या पाण्याचा थर जाड राहतो आणि खारं खाली दबलेलं राहतं. बावखल बुजवलं की शेजारची विहीर काही वर्षांत मचूळ होते. अंकल हे सगळं काठीने चिखलात दोन रेघा ओढून सांगत होते, वरची रेघ गोडी, खालची खारी, आणि मग काठीने वरची पुसून टाकली आणि म्हणाले, हे असं झालंय.

अंकलनी दोन रेघांत जे दाखवलं त्यावर मला अख्खा रिपोर्ट लिहायचाय. स्तुपाच्या विटांना लागणारा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारं मीठ, आणि वाडीतल्या विहिरीचं मचूळ पाणी ही एकच अडचण आहे. सोपाऱ्याला बाग करायची तर शोभेचं कारंजं नको, परिसरात बुजत चाललेली बावखलं परत उपसून घ्या, गाळ काढा, पावसाचं पाणी त्यांच्याकडे वळवा. बागेतलं पाणीही तिथूनच घ्या, बोअर मारू नका. हे म्युझियमच्या बजेटमध्येच धरायचं असं मी मांडणार आहे, वेगळं पर्यावरण-बिर्यावरण खातं करून नाही.

१० जुलै

छोटी नोंद. जमिनीखाली काय आहे ते न खणता बघता येईल का म्हणून जीपीआर, म्हणजे जमिनीत रडार सोडून बघायचं तंत्र, त्याची चौकशी केली. खारट आणि चिकण मातीत रडारची लाट फार खाली जातच नाही, ओल्या दिवसांत तर नाहीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन सुकल्यावर, तेव्हाही अपेक्षा कमी ठेवून. बजेटमध्ये ती ओळ ठेवली पण खालच्या नंबरवर.

३१ जुलै

या आठवड्यात दोन बातम्या आल्या आणि आमच्या ग्रुपवर मेसेज थांबतच नाहीयेत. २९ तारखेला बिहारमध्ये वैशालीला नवीन संग्रहालय आणि स्मृती स्तूप खुला झाला, तिथल्याच उत्खननात सापडलेला बुद्धाचा अस्थिकलश पाटण्याच्या म्युझियममध्ये होता तो परत वैशालीत आला. (ते उत्खनन अनंत सदाशिव आळतेकरांच्या देखरेखीत सुरू झालं होतं, आपला कोल्हापूरकडचा माणूस.) आणि काल उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाची रत्नं भारतात परत आली, १८९८ साली स्तुपातून निघालेली, यंदा मे मध्ये ज्यांचा लिलाव होणार होता ती.

साहजिकच सगळ्यांचा प्रश्न, मग सोपाऱ्याचं काय.

सोपाऱ्याचं असं आहे. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. जुनागढचा माणूस, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेला, शाळा-कॉलेजच्या इंग्रजी शिक्षणाशिवाय शिलालेख वाचण्यात त्या काळातल्या पहिल्या फळीत. स्तुपाच्या पोटात विटांच्या कोनाड्यात दगडी पेटी होती. पेटीत मधोमध तांब्याची कुपी आणि भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. तांब्याच्या कुपीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, तिच्यात सोन्याची. आणि सोन्याच्या कुपीत काय, तर मातीच्या भांड्याच्या १३ बारीक खापऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

सगळ्यात मौल्यवान डबी उघडली तर आत माती. मी कितीतरी लोकांना हे सांगितलंय आणि दरवेळी ऐकणारा एक क्षण गप्प होतो. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते: नाणं सातवाहन काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, आणि ब्राँझच्या मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात, साधारण सहाशे वर्षांनी, कोणीतरी ही पेटी उघडली, आतलं आहे तसं ठेवलं, भोवती आठ मूर्ती मांडल्या आणि परत बंद केली. कोण होते ते आपल्याला माहीत नाही पण त्यांनी काढून काही नेलं नाही, घालून ठेवलं. म्युझियमची मुख्य खोली या एका गोष्टीवर उभी करायची असं आज मनात ठरवलं.

हा सगळा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, टाउन हॉलमध्ये. परत यावा का? माझं म्हणणं, हो, कधी ना कधी यावा, आणि तसं मी आराखड्यात लिहिणार आहे. पण आजच मागायचा का, तर नाही. ब्राँझला क्लोराइड लागलं की हिरवट भुकटी सुटायला लागते आणि ती आतून खात जाते, ती थांबवायची तर हवेतला दमटपणा ४० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली, तोही बाराही महिने, रात्रंदिवस. नालासोपाऱ्यात पावसाळ्यात वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस सुकत नाही. लाईट गेली की काय? आधी ते घर बांधू, वर्ष-दोन वर्ष रिकामं चालवून दमटपणाचे आकडे दाखवू, मग हक्काने मागू. तोपर्यंत उत्तम प्रतिकृती. ग्रुपवर काही जणांना हे पटलं नाही, एका दादांनी लिहिलं की आमच्या घरातली वस्तू आमच्या घरी यायला आकडे कसले दाखवायचे. त्यांचं दुःख मला कळतं. तरी माझं मत तेच आहे.

१९ ऑगस्ट

काल आणि आज पावसाने झोडपलंय, लोकल विस्कळीत, टीममधलं कोणी येऊ शकलं नाही. मी जवळ राहते म्हणून गमबूट घालून गेले. फोटो काढले, पाणी कुठपर्यंत आलं तिथे भिंतीवर खडूने खुणा केल्या, शेजारच्या मावशींनी वरून छत्री धरली. या खुणा म्हणजे आमच्या गटाराच्या डिझाईनचा खरा आधार, कारण सरासरी पावसावर गटार काढलं तर ते अशाच दिवशी उपयोगाला येत नाही.

७ सप्टेंबर

पिंपळ.

विटांच्या सांध्यात पिंपळाची आणि उंबराची रोपं येतात, पक्षी बी टाकतात. वाढू दिली की मूळ विटा फोडतं, सगळ्यांना माहीत आहे. पण बौद्ध जागेवर पिंपळ उपटायचा हे कोणाच्या हाताने होईल? आज याच्यावरच बोलणं झालं, आजी-मावश्या, भंतेजी, बागकामवाले दोघे. ठरलं ते असं: रोप बोटभर असतानाच, पावसाळ्यात माती सैल असते तेव्हा, मुळासकट हलकेच काढायचं, देखभाल करणाऱ्या खात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसासमोर. काढलेलं रोप टाकायचं नाही. पिशवीत लावायचं आणि बागेच्या बाहेरच्या कडेला, जिथे खाली काही नाही अशी खात्री आहे तिथे वाढवायचं. एक आजी म्हणाल्या, पहिलं रोप माझ्याकडे द्या, मी गॅलरीत वाढवते जागा होईपर्यंत. मोठं झालेलं झाड मात्र ओढून काढायचं नाही, मूळ ओढलं तर सोबत भिंत येते, ते वरून छाटत छाटत दमवायचं.

२ ऑक्टोबर

अशोक विजयादशमी. गर्दी चांगली होती. आम्ही एका बाजूला टेबल टाकून आराखड्याचे चार मोठे प्रिंट लावले आणि पेन ठेवले, ज्याला जे वाटेल ते नकाशावरच लिहा. संध्याकाळपर्यंत कागद भरून गेले. सगळ्यात जास्त काय आलं, तर टॉयलेट, पाणी, बसायला सावली, रात्री दिवे. मुलांनी क्रिकेट लिहिलं. एका मुलीने लिहिलं 'अभ्यासाला जागा'. वन रूम किचनमध्ये पाच-सहा जण राहतात तिथे दहावीचा अभ्यास कुठे करणार, म्युझियमच्या आधी वाचनखोली हवी हे मला त्या दोन शब्दांनी पटवलं. म्युझियमच्या तळमजल्यावर ती आता पहिली खोली आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, तिकीट नाही.

२० ऑक्टोबर

दिवाळीत निवांत वेळ मिळाला म्हणून शिलालेखांचा पाठ बसून लिहिला, पाट्यांसाठी.

सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, भातेला तलावाजवळ, १८८२ सालीच, भगवानलालनाच. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. म्हणजे गिरनारसारखे चौदाही लेख इथे कुठेतरी काळ्या दगडांवर कोरलेले असणार, त्यातल्या दोन लेखांचे तुकडे आपल्या हाती लागले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आठव्याचा तुकडा बघितलाय मी, काळ्या दगडावर ब्राह्मी अक्षरं, कडेला दगड तुटलाय तिथे अक्षरही अर्धं तुटलंय, बोट फिरवावंसं वाटतं.

आठव्यात काय आहे: पूर्वी राजे विहारयात्रेला निघायचे, शिकार आणि मौजमजा. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धम्माच्या झाल्या. त्यात तो काय करायचा, तर श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटून सोनं द्यायचं, आणि जनपदातल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्मावर बोलायचं, त्यांना प्रश्न विचारायचे. राजा लोकांना भेटायला जातो असं सांगणारा लेख या गावातल्या दगडावर होता, आणि आज इथल्या माणसाला आपल्या वॉर्डातल्या कोणा साहेबाला भेटायला किती खेपा माराव्या लागतात. ही पाटी मी सगळ्यात पुढे लावणार, बाकी दगडांच्या काळाबिळाची माहिती मागे.

आणि नाशिकच्या पांडवलेणीत उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्यात त्याने केलेल्या कामांची यादी येते: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, इथे चौसोपी धर्मशाळा, आणि पुढे आराम, तडाग, उदपान, म्हणजे बागा, तळी आणि विहिरी. पुढे ३२ हजार नारळांच्या झाडांचं दानही आहे, आणि ते ज्यांना दिलं त्यात शूर्पारकाच्या रामतीर्थावरचे लोकही येतात. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्यात बाग, तळं आणि पाण्याची सोय कोणीतरी सार्वजनिक पैशातून किंवा पुण्याईसाठी केलेली होती आणि ती दगडावर लिहून ठेवली. अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द छापायचे, आराम, तडाग, उदपान. आमची मागणी यापेक्षा वेगळी काहीच नाही.

कार्ल्याच्या एका खांबावर सोपारकाच्या सातिमित नावाच्या भदंताचं, म्हणजे भिक्खूचं दान कोरलंय, त्या खांबात धातू, म्हणजे पूज्य अवशेष ठेवला होता. पुढच्या वेळी शाळेची सहल कार्ल्याला गेली की मुलांना हे नाव दाखवा असं शिक्षकांना सांगायचंय, आपल्या गावाचं नाव डोंगरात कोरलेलं बघून मुलं घरी येऊन सांगतील.

१६ नोव्हेंबर

लोणा आणि चुना.

स्तुपावर प्रयोग करायचा प्रश्नच नाही, म्हणून एका ओळखीच्या घराची जुनी विटांची भिंत घेतली, मालकांनी आनंदाने दिली. तिच्यावर तळापासून गुडघाभर पांढरी बुरशीसारखी पूड, हात फिरवला की मिठासारखी बोटाला लागते, आणि जिभेला लावली तर खारटच. मागे कोणीतरी सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरल्या होत्या. सिमेंट घट्ट, वीट मऊ, म्हणून ओल दर्जांतून बाहेर पडू शकत नाही, विटेतून पडते, आणि वीट झिजून आत जाते, सिमेंटच्या रेघा मात्र जाळीसारख्या पुढे उभ्या. गवंडीदादांनी छिन्नीने हळूहळू सिमेंट काढलं, दोन विटा मोडल्या त्यात. मग कागदाचा लगदा करून, पाण्यात भिजवून, भिंतीवर जाड थापला आणि सुकेपर्यंत सोडला. सुकताना तो विटेतलं पाणी ओढतो आणि पाण्यासोबत मीठ येतं. पहिला थर काढला तेव्हा त्याची आतली बाजू पांढरी झालेली होती, दुसऱ्यात कमी. मग चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, एकत्र मळून दर्जा भरल्या.

गवंडीदादांना चुन्याचं काम त्यांच्या आजोबांकडून ऐकून माहीत होतं, हाताने पहिल्यांदाच केलं. चुना कमीत कमी पंधरा-वीस दिवस भिजत ठेवल्यावर त्याचं लोणी होतं हे ऐकल्यावर म्हणाले, मग एवढा वेळ कोण देणार साईटवर. हाच प्रश्न आहे. टेंडरमध्ये चुना भिजवायचे दिवस वेगळे लिहिले नाहीत तर कंत्राटदार पहिल्या दिवशी सिमेंटची गोणी आणणार, म्हणून अटींमध्ये ते दिवस आणि चुन्याचं रोजचं रजिस्टर दोन्ही घातलंय. इथल्याच गवंड्यांना चुन्याचं काम शिकवायचं, त्यासाठी पैसे वेगळे धरलेत. देखभाल बाहेरून माणूस आणून होत नाही.

३० नोव्हेंबर

बागेच्या डिझाईनचा एक नियम आता सगळ्यांना पाठ झालाय, खणायचं नाही. जमिनीखाली काय आहे ते माहीत नाही तर ते जसं आहे तसं बंद राहू दे, पुढे कोणाकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील. पाटण्याला कुम्हरारमध्ये मौर्यकाळच्या खांबांची जागा पाणी वर येत राहिल्यामुळे शेवटी माती-वाळूने परत झाकावी लागली होती. झाकणं म्हणजे हार मानणं असं लोकांना वाटतं, मला तसं वाटत नाही, झाकलेली वीट उघड्या विटेपेक्षा जास्त जगते.

नियम सोपा आहे पण प्रत्येक वस्तूला लावायचा म्हणजे डोकं चालवावं लागतं. पायवाट: आहे त्या जमिनीवर जिओटेक्स्टाईलचं कापड, वर मुरूम, वर फरशी सुटी, चुना नाही की सिमेंट नाही, उद्या उचलता आली पाहिजे. बाक: पाया नाही, वजनावर उभे. दिव्याचे खांब: जड दगडी ठोकळ्यात रोवलेले, केबल जमिनीवरून पायवाटेच्या कडेने बंद नळीत. कुंपण: खड्डे न घेता, वजनाच्या पायांवर. झाडं: स्तुपाच्या जवळ नुसतं गवत आणि उथळ मुळांची झुडपं, वाटेच्या बाजूने बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे, मोठी झाडं फक्त बाहेरच्या कडेला. वाफ्यात मोगरा, जाई, अबोली, विड्याची पानं, वाडीत असतं तेच. शोभेची बाहेरची झाडं नकोत, नर्सरीवाल्याने दिलेली पाम झाडांची यादी परत पाठवली. नारळ बाहेरच्या कडेला, उषवदाताच्या नावाने.

चक्रेश्वर तलावाकडच्या जुन्या मूर्तींबद्दल वेगळी मीटिंग झाली. त्या तिथल्या देवळाच्या आहेत, लोकांच्या पूजेतल्या आहेत, म्युझियमसाठी एकही उचलायची नाही. त्यांच्यावर उन्हापावसापासून छप्पर आणि शेजारी पाटी, तेही देवस्थानाच्या मंडळींना मान्य असेल तसं. ब्रह्मदेवाची मूर्ती बघायला माणसाने स्तुपापासून तिथे चालत जावं, वाटेत भातेला तलाव लागावा, आणि हे सगळं एकच गाव होतं हे पायांना कळावं, म्हणून या जागा जोडणारी चालायची वाट हाच खरा आराखडा आहे. म्युझियमची इमारत त्या वाटेवरचं एक घर. जागा मनाई क्षेत्राच्या बाहेर, नियंत्रित पट्ट्यात धरलीये, तळमजला अधिक एक, त्याहून उंच नाही.

१४ डिसेंबर

आराखडा छापून झाला. मराठीत पूर्ण, इंग्रजीत सारांश, उलटं नाही. एक प्रत वाडीवाल्या अंकलना दिली, बावखलाच्या पानावर त्यांच्या दोन रेघांचं चित्र तसंच छापलंय.

२२ डिसेंबर

संबंधित कार्यालयांत प्रती दिल्या, पोच घेतली. एका ठिकाणी टेबलावरच्या साहेबांनी विचारलं की एवढं सगळं आहे पण म्युझियमचं थ्रीडी चित्र कुठे आहे. त्यांना गटाराचा सेक्शन उघडून दाखवला आणि ऑगस्टमधल्या खडूच्या खुणांचे फोटो. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि दोन प्रश्न चांगले विचारले, पंपाची वीज कुठून आणि गाळ कोण काढणार. दोन्हीची उत्तरं पान ४१ वर होती.

११ जानेवारी २०२६

परवानग्यांना वेळ लागणार, ते धरलेलंच आहे. तोपर्यंत ज्याला कोणाची परवानगी लागत नाही ते सुरू. दिव्यांच्या कट्ट्याऐवजी सध्या वाळू भरलेली पत्र्याची मोठी ताटं तयार करून घेतली, येत्या बुद्ध पौर्णिमेला वापरायची, ठेवणं-उचलणं महिला मंडळाकडे. दोन बावखलांचे मालक गाळ काढायला तयार झालेत, मार्च-एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की काम लावायचं, जेसीबी आत न्यायचा नाही, काठ ढासळतात, माणसं लावायची. प्रतिकृतींसाठी एशियाटिक सोसायटी आणि शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या दोन्ही संस्थांना विनंतीपत्रं गेलीत. शाळेत ब्राह्मीचा वर्ग रविवारी सकाळी नऊला, पहिल्या वर्गाला आठव्या लेखातली पहिली ओळ मोठ्या कागदावर काढून न्यायचीये, अक्षरं हातभर उंच, मागच्या बाकावरून दिसतील अशी. कागदाचा रोल आणि जाड मार्कर उद्या आणायचे.